कमी आउटपुटचा माइक, परवडणारा प्रीअँप आणि तुमचा डेटा

आवाजाच्या रेकॉर्डिंगवर काम करायचं ठरवलेल्या ज्युनिअर्सकडून एक प्रश्न हमखास येतो. "डिपार्टमेंटच्या कपाटात एक डायनॅमिक माइक आहे, पण आवाज फारच बारीक येतो. साठ-सत्तर डीबी गेन देणारा आणि खिशाला परवडणारा प्रीअँप कोणता घेऊ?" प्रश्न रास्त आहे. स्कॉलरशिप वेळेवर येत नाही, आली तरी पुरत नाही, आणि दुकानदार 'हाय गेन' या दोन शब्दांवर काहीही विकतो. पण या प्रश्नात गेनला जेवढं महत्त्व दिलंय तेवढं त्याचं नाही. खरेदीआधी विचारायचा आकडा वेगळा आहे, आणि तो आकडा किती हवा हे तुमच्या संशोधनात तुम्ही नेमकं काय मोजणार आहात यावर ठरतं. आज तेच नीट उलगडून बघू.

उदाहरणासाठी एक खरा संशोधनविषय घेऊ, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. मराठीत 'नाणं' आणि 'न्हाणं' हे दोन वेगळे शब्द आहेत. फरक फक्त 'न' आणि 'न्ह'चा. 'न्ह', 'म्ह', 'ल्ह', 'व्ह' असे श्वास मिसळलेले घोष स्वन जगातल्या फार थोड्या भाषांमध्ये आहेत, म्हणून स्वनविज्ञानातल्या लोकांना मराठी आवडते. केली बर्कसन यांचा २०१३ सालचा कॅन्सस विद्यापीठातला प्रबंध याच विषयावर, मराठीतल्या श्वासमिश्रित स्वनांच्या ध्वनिमापनावर आहे. आता समजा तुम्हाला बघायचंय की गावातल्या आजी-आजोबांच्या आणि शहरातल्या विशीतल्या मुलांच्या 'न्ह'मध्ये फरक पडलाय का.

'श्वास मिसळलेला' म्हणजे सिग्नलमध्ये काय दिसतं? स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आणि स्वराच्या हार्मोनिक्सच्या जोडीला वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये एक 'सूं' असा नॉइज येतो. आणि स्वस्त प्रीअँप गेन वाढवल्यावर काय करतो? तोही 'सूं' करतो. प्राटसारख्या सॉफ्टवेअरला हे दोन 'सूं' वेगळे ओळखता येत नाहीत. हार्मोनिक्स-टू-नॉइज रेशो, म्हणजे एचएनआर, काढताना तुमच्या यंत्राची सूं बोलणाऱ्याच्या घशातून आली असंच ते धरून चालतं.

यातला धोका बघा. आजी-आजोबांना तुम्ही गावात जाऊन हातातल्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं आणि मुलांना लॅबमध्ये चांगल्या इंटरफेसवर. गावातल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रीअँपचा नॉइज जास्त, म्हणून त्यांचा एचएनआर कमी. तुम्ही मोठ्या आनंदाने लिहिता, "जुन्या पिढीचा उच्चार अधिक श्वासमिश्रित आहे, नव्या पिढीत तो कमी होतोय." आलेख छान येतो, पी-व्हॅल्यूही छान येते, आणि जे मोजलंय ते दोन यंत्रांमधलं अंतर! तीन वर्षांनी परीक्षकाने विचारलं तर पुन्हा रेकॉर्ड करायला त्यातल्या सगळ्या आजी असतीलच असं नाही. म्हणून प्रीअँपचा विचार हा 'साउंडवाल्यांचा' विषय समजून सोडून देऊ नका.

आधी हिशेब, मग दुकान

माइकच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते. शुअर एसएम५८ हा सगळ्यांनी पाहिलेला माइक. सभागृहात, कीर्तनात, गॅदरिंगला, सगळीकडे तोच किंवा त्याची नक्कल असते. त्याची संवेदनशीलता -५४.५ डीबीव्ही प्रति पास्कल, म्हणजे १ पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट. पॉडकास्टवाल्यांचा लाडका एसएम७बी त्याहून मंद: -५९ डीबीव्ही, म्हणजे १.१२ मिलिव्होल्ट. यालाच आपण 'कमी आउटपुट' म्हणतो. तुलनेसाठी, स्टुडिओतला साधा कंडेन्सर माइक त्याच दाबाला दहा-वीस मिलिव्होल्ट सहज देतो.

१ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल एसपीएल. नेहमीचं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात, दहापट कमी केलं की २०. म्हणजे तोंडापासून १० सेंटिमीटरवर माइक ठेवला तर त्याच्यापर्यंत साधारण ८० डेसिबल पोचतात. हे ९४ पेक्षा १४ ने कमी. मग एसएम५८ मधून बाहेर काय येईल? -५४.५ मधून १४ वजा केले की -६८.५ डीबीव्ही. प्रीअँपचे आकडे बहुधा डीबीयूमध्ये असतात, त्यासाठी २.२ मिळवायचे. आले साधारण -६६ डीबीयू. व्होल्टमध्ये सांगायचं तर एका मिलिव्होल्टच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता तो महत्त्वाचा आकडा. त्याचं नाव इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज, थोडक्यात ईआयएन. प्रीअँप स्वतःचा जो नॉइज घालतो तो जणू इनपुटवरच होता असं मानून केलेलं हे मोजमाप. जितका जास्त उणे तितका प्रीअँप शांत. फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीचा ईआयएन -१२८ डीबीयू दिलेला आहे, मोटू एम२ चा -१२९, ऑडिएंट इव्हो ४ चा -१२८. झूम एच५ सारख्या हातातल्या रेकॉर्डरच्या एक्सएलआर इनपुटचा -१२०.

वजाबाकी करा. आवाज -६६, नॉइज -१२८, म्हणजे मध्ये ६२ डीबीचं अंतर. झूम एच५ वर तेच अंतर ५४. आणि या संपूर्ण वजाबाकीत गेन कुठेही आलेला नाही, हे पाहिलंत का? गेन वाढवला की आवाज आणि प्रीअँपच्या इनपुटचा नॉइज दोन्ही बरोबरीने वर जातात. अंतर तेवढंच राहतं.

मग गेन लागतोच कशाला?

लागतो, पण एका मर्यादित कामासाठी. प्रीअँपच्या पुढे एक कन्व्हर्टर बसलेला असतो, जो सिग्नलचे आकडे करतो. त्याचाही स्वतःचा नॉइज असतो. तुमचा सिग्नल, खरं तर तुमच्या प्रीअँपचा नॉइज, कन्व्हर्टरच्या नॉइजच्या बराच वर उचलला गेला पाहिजे. तो एकदा उचलला गेला की पुढचा प्रत्येक डीबी गेन फक्त मीटर हिरवा दिसावा म्हणून आहे.

स्कार्लेट २आय२ तिसरी पिढीच घेऊ. गेन किमान असताना तिचं माइक इनपुट +९ डीबीयूला पूर्ण भरतं, आणि गेनची मर्यादा ५६ डीबी. म्हणजे बटण पूर्ण फिरवलं की -४७ डीबीयूला मीटर भरेल. आपला आवाज -६६, म्हणून मीटरवर तो सरासरी -१९ च्या आसपास दिसेल. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी ही पातळी उत्तम. एसएम७बी लावला तर -२४. माइक ३० सेंटिमीटरवर नेला तर एसएम५८ वरही -२९. मीटर रिकामा दिसतो आणि तिथेच विद्यार्थी घाबरून 'हाय गेन प्रीअँप' शोधायला लागतात.

पण प्रीअँपचा नॉइज या वेळी मीटरवर कुठे आहे? -१२८ उणे -४७, म्हणजे -८१ वर. २४-बिट रेकॉर्डिंगमध्ये या दर्जाच्या कन्व्हर्टरचा स्वतःचा नॉइज -११० च्या आसपास असतो, त्याच्याही तीस डीबी खाली. अर्थ असा की -२९ वर आलेलं रेकॉर्डिंग तुम्ही नंतर ऑडॅसिटीत १० डीबीने वाढवलंत तरी काहीही बिघडत नाही. महागडा ७० डीबीचा प्रीअँप घेऊनही, त्याचा ईआयएन तेवढाच असेल, तर तुमच्या हाती हेच रेकॉर्डिंग येईल. फक्त जरा मोठ्याने.

शुअर स्वतः एसएम७बी साठी किमान ६० डीबी गेन असलेला प्रीअँप सुचवते. सगळीकडे फिरणारा साठचा आकडा बहुतेक तिथूनच आलाय. रेडिओवर थेट प्रक्षेपणासाठी तो योग्य आहे, कारण तिथे नंतर वाढवायला वेळ नसतो. तुमच्याकडे तर अख्खी पीएचडी आहे.

३२-बिट फ्लोटबद्दलही हल्ली खूप ऐकू येतं. त्याचा फायदा एवढाच की अचानक मोठा आवाज आला तरी क्लिपिंग होत नाही आणि गेन लावत बसावा लागत नाही. प्रीअँपचा नॉइज त्याने एक तसूभरही कमी होत नाही. जाहिरातीतलं '३२' वाचून ईआयएन बघायचं विसरू नका.

तळ कुठे आहे

मग ईआयएन किती खाली जाऊ शकतो? याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. कुठल्याही रोधकात इलेक्ट्रॉन तापमानामुळे हलत असतात आणि त्यातून नॉइज येतो. बेल लॅब्जमधल्या जॉन्सन यांनी तो मोजला आणि नाइक्विस्ट यांनी त्याचं सूत्र मांडलं. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्या सूत्रात खोलीचं तापमान, १५० ओहम आणि २० किलोहर्ट्झची पट्टी घातली की उत्तर येतं ०.२२ मायक्रोव्होल्ट, म्हणजे -१३१ डीबीयू. प्रीअँप कितीही भारी असला तरी १५० ओहमच्या स्रोताला याखाली जाता येत नाही.

एसएम५८ चा प्रत्यक्ष इम्पिडन्स ३०० ओहमच्या आसपास आहे. रोध दुप्पट म्हणजे नॉइज ३ डीबीने जास्त. तर माइकची तारच -१२८ डीबीयू नॉइज घेऊन येते! -१२८ वाला प्रीअँप बदलून -१३० वाला आणण्यासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनी या ओळीपाशी जरा थांबावं. कमावण्यासारखं तिथे एक-दोन डीबीच उरलंय. -१२० वरून -१२८ वर जाण्यात मात्र खरी कमाई आहे.

माहितीपत्रक वाचताना दोन गोष्टी तपासा. आकडा 'ए-वेटेड' आहे का? तसं मोजलं की तोच प्रीअँप साधारण दोन डीबीने चांगला दिसतो. वर दिलेला स्कार्लेटचा आकडा ए-वेटेड आहे. दुसरं, मोजताना इनपुटला १५० ओहम जोडले होते की इनपुट नुसतं शॉर्ट केलं होतं? -१३१ च्या खालचा आकडा दिसला की या दोनपैकी एक युक्ती बहुधा असतेच. खोटं कोणी बोलत नाही, पण तुलना मात्र फसते. आणि आणखी एक: ईआयएन जवळजवळ नेहमी जास्तीत जास्त गेनवर मोजलेला असतो. गेन निम्म्यावर असताना तो आकडा वाईट होतो. कमी आउटपुटच्या माइकला आपण बटण वरच ठेवतो, म्हणून आपल्याला चालून जातं.

बूस्टर घ्यावा का

क्लाउडलिफ्टर, फेटहेड या नावाच्या छोट्या डब्या किंवा नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. माइक आणि प्रीअँपच्या मध्ये त्या लावायच्या. प्रीअँपकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर त्या चालतात आणि क्लाउडलिफ्टर २५ डीबीपर्यंत, फेटहेड २७ डीबीपर्यंत गेन देतो. लोक म्हणतात, 'लावला आणि नॉइज गेला!' काहींचा खरंच जातो, काहींचा नाही. का?

इथे फ्रिस यांचं १९४४ सालचं सूत्र उपयोगी पडतं. एकापुढे एक प्रवर्धक असतील तर पहिल्याचा नॉइज पूर्ण मोजला जातो आणि दुसऱ्याचा नॉइज पहिल्याच्या गेनने भागला जातो. झूम एच५ च्या आधी २५ डीबीचा बूस्टर लावला तर रेकॉर्डरचा -१२० चा नॉइज माइकच्या दृष्टीने -१४५ वर जातो, म्हणजे नाहीसाच होतो. उरतो फक्त बूस्टरचा आणि माइकचा स्वतःचा. खराब प्रीअँपला बूस्टर सुधारतो. पण ज्याचा ईआयएन आधीच -१२८ आहे त्याला सुधारायला जागाच नाही, कारण माइकचा तळ तिथेच आहे. तिथे बूस्टर लावून मीटर वर जाईल, अंतर जवळजवळ तेवढंच राहील.

पैशाचं म्हणाल तर नावाजलेल्या बूस्टरची किंमत अनेकदा एका साध्या इंटरफेसएवढीच असते. लॅपटॉप नेता येत असेल आणि काहीच हाताशी नसेल तर माझं मत सरळ आहे: बूस्टर नको, -१२८ च्या आसपासचा दोन चॅनेलचा इंटरफेस घ्या. सेकंडहँड चालेल. गेन ५५-६० असला तरी पुरे. हातातला रेकॉर्डर आधीच डिपार्टमेंटचा आहे आणि गावात लॅपटॉप चालवणं शक्य नाही, अशा वेळी मात्र बूस्टर हीच शहाणी खरेदी. फक्त फँटम पॉवर सुरू केली की रेकॉर्डरची बॅटरी भराभर उतरते, जादा सेल जवळ ठेवा.

खोली काय म्हणते

आता मी वर इतकं गणित करून जे सांगितलं त्यालाच थोडा छेद देतो. गावातली शांत वाटणारी खोलीसुद्धा, पंखा बंद, दार लोटलेलं, तरी ४० डेसिबलच्या आसपास असू शकते. हे ४० डेसिबल एसएम५८ मधून -१०६ डीबीयू होऊन बाहेर पडतात. म्हणजे खोलीचा नॉइज झूमच्या -१२० पेक्षाही १४ डीबी वर! मग प्रीअँपची एवढी चिकित्सा कशाला?

कारण दोन नॉइज एकसारखे पसरलेले नसतात. खोलीचा नॉइज बहुतेक खालच्या फ्रिक्वेन्सींत असतो: लांबची वाहनं, पंप, वारा. प्रीअँपचा नॉइज सगळ्या पट्टीत सारखा. -१२० मधला ४ ते ८ किलोहर्ट्झचा वाटा काढा. वीसपैकी चार किलोहर्ट्झ, म्हणजे एक पंचमांश, म्हणजे ७ डीबी कमी: -१२७. समजा त्या खोलीत याच पट्टीतला नॉइज २० डेसिबल आहे, तर तो माइकमधून -१२६ येईल. झाली बरोबरी. खाली जो प्रीअँप खोलीपुढे किरकोळ होता तो वर, नेमक्या श्वासाच्या पट्टीत, खोलीइतकाच बोलतोय. -१२८ वाल्या प्रीअँपचा तिथला वाटा -१३५, म्हणजे तो वाटेतून बाजूला झाला.

म्हणून तुम्ही काय मोजता ते आधी ठरवा. एचएनआर किंवा सेप्स्ट्रल पीक प्रॉमिनन्स मोजणार असाल (सीपीपी हे माप हिलेनब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली श्वासमिश्रित आवाजासाठी तपासून दाखवलं), तर वरच्या पट्टीतला नॉइज तुमच्या निकालात थेट शिरतो, तिथे ईआयएनवर पैसे खर्च करा. पहिल्या दोन हार्मोनिक्सचा फरक, म्हणजे एच१ वजा एच२, मोजणार असाल तर ती दोन्ही हार्मोनिक्स शंभर ते पाचशे हर्ट्झच्या आसपास, भरपूर ताकदीची असतात. तिथे प्रीअँपची सूं फारसं काही बिघडवू शकत नाही. फक्त स्वरांची लांबी किंवा फॉर्मंट मोजणार असाल तर झूमसुद्धा पुरेसा आहे, पैसे बसभाड्याला ठेवा.

पण एच१-एच२ वाल्यांनी निश्चिंत होऊ नये, त्यांचा शत्रू दुसरीकडे आहे. एसएम५८ सारखा दिशादर्शी माइक तोंडाजवळ नेला की खालच्या फ्रिक्वेन्सी फुगतात, याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. पहिलं हार्मोनिक दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतं. आजींनी माइक हातात घेऊन ओठांना लावला आणि मुलांनी वीतभर लांब धरला, तर पुन्हा तोच पिढीचा खोटा फरक हजर! स्वनविज्ञानात म्हणूनच डोक्याला लावायचा, सर्व दिशांनी ऐकणारा माइक पसंत करतात. अंतर ठरलेलं राहतं आणि हा इफेक्ट नसतो. तो नसेल तर स्टँड, आणि एक साधी पट्टी जवळ ठेवा. माइकवर किंवा इंटरफेसवर 'लो कट'चं बटण असेल तर ते बंद हवं, नाहीतर पहिलं हार्मोनिकच कापलं जाईल.

अंतराचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, इथे सगळ्यात स्वस्त 'प्रीअँप' मिळतो. ३० सेंटिमीटरवरून १० वर आलात की साडेनऊ डीबी फुकट. झूम आणि स्कार्लेटमधला फरक आठ डीबी होता! शिवाय हे साडेनऊ डीबी खोलीच्या नॉइजविरुद्धही मिळतात, जे कुठलाच प्रीअँप देऊ शकत नाही.

स्वतः मोजून बघा

माहितीपत्रकावर विसंबून राहायचं नसेल तर काही रुपयांत चाचणी होते. १५० ओहमचा मेटल फिल्म रोधक घ्या, धातूच्या कवचाच्या एक्सएलआर मेल प्लगमध्ये पिन २ आणि ३ च्या मध्ये सोल्डर करा. हा झाला तुमचा 'मुका माइक'.

माइक स्टँडवर, समोर ठरलेल्या अंतरावर फोन, फोनवर दहा सेकंदांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं. पहिल्या प्रीअँपवर गेन जवळजवळ पूर्ण ठेवून ते रेकॉर्ड करा, क्लिपिंग होत असेल तर फोनचा आवाज कमी करा. मग बटणाला हात न लावता माइक काढून मुका माइक लावा, दहा सेकंद रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत 'ॲनालाइझ' मेनूतलं 'कॉन्ट्रास्ट' हे साधन निवडलेल्या भागाची आरएमएस पातळी देतं. बोलण्याच्या पातळीतून मुक्या माइकची पातळी वजा करा. फोन, माइक, फोनचा आवाज जराही न हलवता हेच दुसऱ्या प्रीअँपवर करा. ज्याचं उत्तर मोठं तो शांत. दोन यंत्रांच्या ईआयएनमधला फरक जवळपास तेवढाच असतो. फँटम पॉवर दोन्ही वेळा बंद ठेवा, आणि रेकॉर्डरमधलं ऑटो गेन, लिमिटर, नॉइज रिडक्शन सगळं बंद. ऑटो गेन सुरू राहिलं तर या चाचणीलाही अर्थ नाही आणि तुमच्या डेटालाही.

मुक्या माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये सूंऐवजी 'घूं' ऐकू आलं तर स्पेक्ट्रम बघा. ५०, १००, १५० हर्ट्झला उभे काटे दिसले तर दोष प्रीअँपच्या ईआयएनचा नाही, विजेचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा काटे जातात. चार्जरच्या घुंईपायी चांगला इंटरफेस विकून टाकणारे लोक आहेत. सेकंडहँड बाजारात आपला फायदा होतो तो अशांमुळेच.

आणि रेकॉर्डिंगमध्ये नॉइज आलाच असेल तर नॉइज रिडक्शन लावून मग एचएनआर काढू नका. ते सॉफ्टवेअर यंत्राची सूं काढताना 'न्ह'मधला श्वासही ओरबाडून नेतं, आणि किती नेला ते सांगत नाही. त्याऐवजी प्रत्येक व्यक्तीच्या सत्राच्या सुरुवातीला, सगळे गप्प असताना दहा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा, त्याच गेनवर, त्याच खोलीत. मग प्रत्येक वक्त्यासाठी आवाज आणि पार्श्वभूमी यांतलं अंतर काढता येतं, आणि ते सांख्यिकी मॉडेलमध्ये एक चल म्हणून घालता येतं. दोन गटांची यंत्रं वेगळी असतील तर निदान तीन-चार वक्त्यांना दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. पद्धतीच्या प्रकरणात माइकचं मॉडेल, तोंडापासूनचं अंतर, प्रीअँप, गेनच्या बटणाची जागा, सॅम्पलिंग रेट, बिट आणि या दहा सेकंदांची सरासरी पातळी लिहा. बटणाची जागा लिहायचा कंटाळा येत असेल तर फोनवर फोटो काढा, फाइलला वक्त्याचा क्रमांक द्या आणि रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये टाकून द्या.